काटी थांडा–लेक एअरला पहिल्यांदा जाताना

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या उत्तर भागात निळ्या रंगाचा एक मोठा आकार दिसतो. ते काटी थांडा–लेक एअर, देशातलं सगळ्यात मोठं सरोवर. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी तिथे निळं काहीच नसतं. नजर पोहोचेल तिथवर पांढऱ्या मिठाचा थर, वर आभाळ, आणि मधे कुणी नाही.

आउटबॅकचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या भागाचा अनुभव नसलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. मेलबर्न, ॲडलेड, सिडनीत राहणारे असोत किंवा मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले आईवडील असोत, हे सरोवर तुम्हा सगळ्यांना पाहता येईल. मात्र दोन गोष्टी आधी मान्य कराव्या लागतात. पाणी आपल्या सुट्टीच्या तारखा बघून येत नाही. आणि या भागात माणूस चुकला किंवा अडकला, तर शेजारून हाक ऐकून धावत येणारं कुणी नसतं.

आधी सरोवर समजून घ्या

सरोवराचे दोन भाग आहेत. उत्तरेकडचं मोठं, सुमारे १४४ किलोमीटर लांब आणि ७७ किलोमीटर रुंद. दक्षिणेकडचं लहान, सुमारे ६४ किलोमीटर लांब. दोघांना जोडणारा चिंचोळा भाग म्हणजे गॉयडर चॅनल. पूर्ण भरलं तर पाणी साडेनऊ हजार चौरस किलोमीटरवर पसरतं. याचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे, आणि ऑस्ट्रेलियात यापेक्षा सखल नैसर्गिक जागा नाही.

सरोवराच्या आसपास वर्षाला जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यावर ते भरत नाही. पाणी येतं ते शेकडो किलोमीटर दूरच्या क्वीन्सलंडमधून. तिथे उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, मोसमी पाऊस जोरात झाला की डायमंटीना, जॉर्जिना आणि कूपर क्रीक या नद्यांना पूर येतो. जमीन इतकी सपाट की हे पाणी असंख्य फाट्यांत पसरत, वाटेत जिरत आणि वाफ होत हळूहळू दक्षिणेकडे सरकतं. सरोवराला पोहोचायला त्याला आठवडे, कधी महिने लागतात. मग ते बाहेर कुठे जात नाही, कारण समुद्राकडे वाटच नाही. ऊन त्याला उडवून नेतं आणि मीठ मागे राहतं. हजारो वर्षं हेच चाललं आहे, म्हणून दक्षिणेकडच्या आखातांत मिठाचा थर काही ठिकाणी हातभर जाड आहे.

साधारण तीन वर्षांतून एकदा दीड मीटर पाणी येतं, दशकातून एकदा चार मीटर, आणि सरोवर काठोकाठ भरण्याचा योग शतकात चारेक वेळा. युरोपियनांनी हे सरोवर १८४० मध्ये पाहिलं. एडवर्ड जॉन एअर हा तो प्रवासी. पण ते खरोखर भरतं हे त्यांना १९४९–५० च्या पुरापर्यंत ठाऊक नव्हतं. त्यानंतरचा सगळ्यात मोठा पूर १९७४ चा, तेव्हा पाणी सहा मीटरपर्यंत चढलं होतं. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम क्वीन्सलंडमध्ये फार मोठा पूर आला आणि त्या हिवाळ्यात सरोवर पाहायला माणसांची रीघ लागली.

भरलेल्या सरोवरात जे घडतं ते डोळ्यांनी पाहावं असंच आहे. नद्यांबरोबर बोनी ब्रीम नावाचे मासे येतात, त्यांच्यामागून पेलिकन येतात, बँडेड स्टिल्ट हे लांब पायांचे पक्षी येतात, आणि एरवी ओस पडलेल्या वाळवंटात पक्ष्यांच्या वसाहती उभ्या राहतात. पाणी आटत जाईल तसं खारट होतं, मासे मरतात, पक्षी उडून जातात. याच काळात काही भागांत पाणी गुलाबी दिसू लागतं. अतिखाऱ्या पाण्यात वाढणारी शेवाळं आणि सूक्ष्मजीव त्याला हा रंग देतात. आपल्या लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांकडेच बोट दाखवलं होतं.

कधी निघायचं

एप्रिलअखेर ते सप्टेंबर. याबाहेरचे महिने पहिल्यांदा जाणाऱ्याने मनातही आणू नयेत. जवळच्या ऊडनाडॅटा गावात २ जानेवारी १९६० रोजी तापमान ५०.७ अंश नोंदलं गेलं होतं. या भागातला उन्हाळा हा असा आहे. हिवाळ्यात दिवस छान उबदार, वीस अंशांच्या आसपास. रात्री मात्र पारा शून्याजवळ जाऊ शकतो. तंबूत झोपणार असाल तर जाड पांघरुणं घ्या. वाळवंट म्हणजे उष्ण, हे गणित रात्री दहानंतर चालत नाही.

क्वीन्सलंडमध्ये पूर आल्याची बातमी फेब्रुवारी-मार्चमध्ये कानावर आली, तर मे ते जुलैसाठी चौकशी सुरू करा. अशा वर्षी विल्यम क्रीक आणि मारी या दोन छोट्या वस्त्यांमधल्या खोल्या व विमानातल्या जागा भराभर संपतात, शाळांच्या जुलैच्या सुट्टीत तर विशेष. पूर नसेल तरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. कोरडं सरोवर हे अर्धवट सरोवर नाही, तेच त्याचं नेहमीचं रूप आहे. वरून पाहिलं तर मिठावर वॉरबर्टन ग्रूव्ह नावाची पाण्याची जुनी वाट, तपकिरी-करड्या मातीच्या लाटा आणि कडेची लाल जमीन दिसते. हे रंग पाण्याखाली गेल्यावर दिसत नाहीत. फक्त घरच्यांना आधी सांगून ठेवा की पाणी दिसेलच असं नाही.

विमान की गाडी?

माझं मत स्पष्ट आहे: पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते विमानावर करा. काठावर उभं राहून या सरोवराचा अंदाज येत नाही. आणि ते भरलेलं असलं तरी पाण्याची कड किनाऱ्याच्या वाटेपासून अनेक किलोमीटर आत असू शकते. काठावरून पांढरी रेघ तेवढी दिसते.

विल्यम क्रीक, मारी आणि कूबर पीडीहून छोटी विमानं उडतात, चार-सहा माणसं बसतील अशी. विल्यम क्रीक सरोवराच्या सगळ्यात जवळ, त्यामुळे तिथून कमी वेळात जास्त पाहून होतं, आणि बेल्ट बे हा सर्वांत खोल भाग गाठता येतो. पाणी आटताना शेवटपर्यंत टिकतं ते तिथे आणि मॅडिगन गल्फमध्ये. मारीहून गेलात तर दक्षिण सरोवर, मॅडिगन गल्फ आणि वाटेत ‘मारी मॅन’ दिसू शकतो. जमिनीवर कोरलेली ही शिकारी माणसाची आकृती अडीच किलोमीटरहून लांब आहे. १९९८ मध्ये ती एका वैमानिकाच्या नजरेस पडली, आणि कुणी कोरली ते अजून उघड झालेलं नाही.

आसन राखून ठेवताना तुमचं वजन विचारतील. खरं सांगा, विमानाचा तोल त्यावर ठरतो. सकाळची पहिली फेरी मागा, कारण जमीन तापली की हवा हिसके देते. मळमळीचा त्रास असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, विमानात बसल्यावर नाही. फोटो काढणाऱ्यांनी गडद रंगाचे कपडे घालावेत, पांढरा सदरा खिडकीच्या काचेत उमटतो.

आईवडील बरोबर असतील तर कूबर पीडीचा मार्ग मला सगळ्यात सोयीचा वाटतो. ॲडलेडहून तिथपर्यंतचे साडेआठशे किलोमीटर पूर्ण डांबरी रस्ता आहे, साधी गाडी चालते, आणि तिथूनच विमान घेता येतं. कच्च्या रस्त्याला हातही लावावा लागत नाही.

रस्त्याने जायचं ठरलं तर

ॲडलेड, पोर्ट ऑगस्टा, हॉकर, ली क्रीक, लिंडहर्स्ट, मारी असा नेहमीचा क्रम. अंतर साडेसहाशे किलोमीटरहून अधिक. एका दिवसात उरकण्याचा हट्ट नको, हॉकरला किंवा फ्लिंडर्स डोंगररांगांत मुक्काम करा. लिंडहर्स्टपर्यंत रस्ता चांगला. मारीपासून ऊडनाडॅटा ट्रॅक हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता वायव्येकडे मार्लापर्यंत जातो आणि दक्षिण सरोवराच्या अगदी कडेने जातो. मारीपासून सुमारे ९० किलोमीटरवर रस्त्यालगतच सरोवर पाहण्याची जागा आहे. फार आडवाटेला न जाता सरोवर पाहायचं असेल तर हीच. मारी ते विल्यम क्रीक सुमारे २०० किलोमीटर, आणि मधे इंधन नाही. विल्यम क्रीकहून कूबर पीडी १६६ किलोमीटर, तोही कच्चा.

उत्तर सरोवराच्या काठाला जाणाऱ्या दोन वाटा आहेत. एक मारीहून मुलूरिना मार्गे लेव्हल पोस्ट बे, सुमारे ९५ किलोमीटर. दुसरी विल्यम क्रीकजवळून हॅलिगन बे, सुमारे ६५ किलोमीटर. दोन्हींना फोर-व्हील ड्राइव्हच हवी, आणि हॅलिगन बेची वाट वाळूची, एकाकी आहे. पहिल्याच खेपेला एकट्या गाडीने ही वाट धरू नका. दुसरी गाडी सोबत असेल तरच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा राज्य सरकारचा आउटबॅक रस्त्यांचा अहवाल पाहा. थोड्याशा पावसानेही हे रस्ते चिखलाचे होतात आणि दिवसेंदिवस बंद राहतात. ‘बंद’ अशी पाटी असलेल्या रस्त्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, मोठा दंड होतो. आणि ओल्या रस्त्यावर पडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर दगडासारख्या घट्ट होऊन मागून येणाऱ्यांच्या वाट्याला येतात. म्हणून सुट्टीत एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

गाडीची तयारी

गाडी भाड्याने घेताना पहिला प्रश्न: कच्च्या रस्त्यावर नेण्याची परवानगी आहे का, आणि ती कोणकोणत्या रस्त्यांची? बहुतेक साध्या भाड्याच्या गाड्यांचा विमा डांबर संपलं की संपतो. उत्तर लेखी घ्या. भारतातून आलेल्यांनी मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही काढून आणावा.

स्टेपनी एक नव्हे, दोन. त्या खरोखर भरलेल्या आहेत का, जॅक कुठे आहे, नट सोडवायचा पाना बसतो का, हे सगळं घरासमोरच एकदा करून पाहा. टायरमधली हवा मोजायचं यंत्र आणि हवा भरायचा छोटा पंप घ्या, कारण इथे हवा कमी-जास्त करणं हा गाडी चालवण्याचाच भाग आहे. डांबरावर जी हवा असते ती खडीवर थोडी उतरवायची, आणि वाळूत बरीच, साधारण १८ ते २० पीएसआयपर्यंत. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन विभागलं जातं आणि चाक वाळूत रुतत नाही. पुन्हा घट्ट रस्त्यावर आलात की हवा भरायची, मगच वेग वाढवायचा. सोबत फावडं, ओढण्याचा पट्टा आणि चाकाखाली घालायच्या फळ्या. सामानाच्या पिशव्या बंद होणाऱ्या असू द्या. इथली लाल धूळ डिकीत, डब्यात, कॅमेऱ्यात, सगळीकडे शिरते.

खडीवर ताशी ८० च्या वर जाऊ नका. या रस्त्यांना पाण्याने पाडलेले ओघळ आडवे येतात आणि ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. समोरून रोड ट्रेन येताना दिसली, म्हणजे तीन-तीन डबे ओढणारा, ५० मीटरहून लांब असू शकणारा ट्रक, तर डावीकडे सरकून थांबा आणि धूळ खाली बसू द्या. दिवस मावळायच्या आधी मुक्कामी पोहोचा. कुरणांना कुंपण नसतं, त्यामुळे कांगारू, एमू आणि गुरं पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. विल्यम क्रीकच्या भोवतीचं ॲना क्रीक हे गुरं पाळण्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या रानांपैकी एक मानलं जातं. तिथे गाय आडवी येणं ही रोजची गोष्ट आहे.

पाणी, शिधा आणि संपर्क

पिण्यासाठी माणशी रोज किमान ५ लिटर पाणी, रांधण-धुणं धरून १०. ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवसांचं जास्त. आणि हे पाणी एकाच मोठ्या पिंपात नको. दोन-तीन कॅनमध्ये वाटून ठेवा, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे राहतात.

शाकाहारी मंडळींनी पबच्या जेवणावर विसंबू नये. बटाट्याचे तळलेले काप आणि टोस्टच्या पलीकडे फार काही मिळेलच असं नाही. दशम्या, खाकरे, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजके पोहे, झटपट उपमा हे सगळं टिकतं आणि गॅसच्या छोट्या शेगडीवर भागतं. भारतातून आणलेला खाऊ विमानतळावर न चुकता जाहीर करा. बिया, दूध आणि ताजी फळं याबाबत ऑस्ट्रेलिया फार कडक आहे. दुसऱ्या राज्यातून गाडीने येणाऱ्यांनी ताजी फळं आणि काही भाज्या दक्षिण ऑस्ट्रेलियात आणायच्या नाहीत. फळमाशी रोखण्यासाठी सीमेजवळच्या नाक्यांवर तपासणी होते.

माशांपासून वाचायला डोक्यावर घालायची जाळी घ्या. ती हसण्यावारी नेऊ नका, ऊबदार दिवशी जाळीशिवाय घासही नीट घेता येत नाही.

मोबाईल मारीत चालेल, तोही एका ठरावीक कंपनीचा. मधल्या टापूत चालणार नाही. म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या, किंवा निदान बटण दाबल्यावर उपग्रहाला संकटाचा इशारा पाठवणारं पीएलबी यंत्र. गाड्या दोन असतील तर एका गाडीतून दुसरीत बोलायला यूएचएफ रेडिओ हवाच. चॅनल ४० वर ट्रकवाल्यांशीही बोलता येतं. कुठे जाणार, कोणत्या वाटेने, कधी परतणार आणि त्या वेळेनंतर किती तासांनी पोलिसांना कळवायचं, हे शहरातल्या एका जबाबदार माणसाला लिहून द्या. हिवाळ्यात दक्षिण ऑस्ट्रेलियाचं घड्याळ भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे असतं. पुण्या-नाशिकला फोन करायची वेळ आधीच ठरवून टाका, म्हणजे फोन न आल्याने तिकडचा जीव टांगणीला लागणार नाही.

गाडी अडकली तर

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा, फक्त चालवणाऱ्याने नाही.

गाडी सोडून जायचं नाही. १९९८ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या दोन प्रवाशांची गाडी हॅलिगन बेजवळ वाळूत रुतली. तिथे सावली होती, पाण्याची टाकी होती. काही दिवस वाट पाहून त्यांच्यातली तरुणी मदत आणायला विल्यम क्रीकच्या दिशेने चालत निघाली आणि उन्हाने वाटेतच गेली. मागे थांबलेला तिचा सोबती वाचला. नंतर टायरमधली हवा कमी केल्यावर ती गाडी वाळूतून बाहेर निघाली. त्या वाटेवर तिचं स्मारक आहे. गेलात तर तिथे थांबा, मुलांनाही सांगा.

चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबून ते आणखी खाली घालवू नका. सगळे उतरा, हवा उतरवा, चाकांपुढची वाळू फावड्याने काढा, फळ्या घाला, मग हळू बाहेर काढा. नाहीच निघाली तर गाडीच्या सावलीत बसा, पाणी नीट पीत राहा आणि इशारा पाठवा. शोध घेणाऱ्या विमानाला वाळवंटात चालणारा माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

सरोवराशी कसं वागायचं

काटी थांडा ही अराबाना या इथल्या मूळ रहिवासी लोकांची पवित्र जागा आहे. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रदेशावरचा त्यांचा हक्क मान्य केला, त्याच वर्षी सरोवराला आजचं जोडनाव मिळालं, आणि इथल्या राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आता त्यांच्या सहभागाने चालतो. सरोवराच्या तळावर चालणं, गाडी घालणं, पाण्यात पोहणं, होडी नेणं याला परवानगीशिवाय मनाई आहे. ड्रोनलाही उद्यानात परवाना लागतो. जुन्या ब्लॉगांत आणि व्हिडिओंत लोक मिठावर नाचताना दिसतील. ते पाहून आपण तसं करायचं नाही. डोनाल्ड कॅम्बेल या ब्रिटिश चालकाने १७ जुलै १९६४ रोजी याच मिठावर गाडीने ताशी ६४८ किलोमीटरचा वेगाचा विक्रम केला, पण तेव्हा कुणी अराबानांना विचारलं असेल असं वाटत नाही. आता विचारतात, आणि हे मला मनापासून योग्य वाटतं. आपल्या पंढरीच्या वाळवंटात कुणी कसं वागावं याबद्दल आपण हळवे असतो. तोच हळवेपणा इथेही दाखवता येतो.

शिवाय मिठाचा थर घट्ट दिसला तरी खाली काळा-निळा चिखल आहे. त्यावर उमटलेला पाऊल किंवा चाकाचा ठसा पुढच्या पुरापर्यंत तसाच राहतो. मिठाच्या भेगांत राहणारा लेक एअर ड्रॅगन हा छोटा सरडा ऑस्ट्रेलियातल्या अशा मिठाच्या सरोवरांखेरीज कुठे सापडत नाही. काठावर उभं राहून दुर्बिणीने पाहा. निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रवेशशुल्क भरा आणि कोणती वाट खुली आहे तेही तिथेच तपासा, नियम बदलत असतात.

वाटेतल्या जागा

मारीत एक संध्याकाळ नक्की काढा. १८६६ साली कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांना हाकणारी माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरली. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर, अफगाणिस्तान अशा ठिकाणचे हे लोक पुढे अनेक दशकं आउटबॅकचा माल वाहत राहिले. इथे सगळ्यांना सरसकट अफगाणच म्हणत. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे लक्षात घेतलं तर ती माणसं फार परकी वाटत नाहीत. मारीत रुळांच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि अराबाना-दिएरी लोक राहत. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आणि खजुराची झाडं आजही गावात आहेत.

पुढे ट्रॅकवर ग्रेट आर्टेशियन बेसिन या जमिनीखालच्या पाण्याच्या प्रचंड साठ्यातून वर येणारे झरे लागतात. ब्लँश कप आणि बबलर हे दोन मुख्य रस्त्यापासून फार आत नाहीत. बबलरमध्ये वाळू ढवळत पाणी वर येताना तासन्‌तास पाहावं असं वाटतं. हाच सगळा मार्ग या झऱ्यांमुळे ठरला. आधी अराबानांची वाट, मग १८७२ ची टेलिग्राफची तार, मग रेल्वे, सगळे पाण्याला धरून गेले. रेल्वे १९८० मध्ये बंद झाली, तिची पडकी स्थानकं रस्त्यालगत दिसत राहतात. कॉवर्ड स्प्रिंग्जला खजुराच्या सावलीत तंबू टाकता येतो आणि जमिनीखालून येणाऱ्या कोमट पाण्यात बसता येतं. दोन रात्री मोकळ्या असतील तर एक इथेच काढा.

परतताना डांबर लागलं की टायरमधली हवा पूर्ववत करा, गाडीचा खालचा भाग पाण्याने नीट धुवा, मीठ लोखंड खातं. आणि मोबाईलला रेंज आली की सगळ्यात आधी त्या माणसाला फोन करा ज्याच्याकडे तुमच्या प्रवासाचा कागद आहे, म्हणजे तो पोलिसांना कळवणार नाही.